एच. पायलोरी: तपासणी आणि कोर्स नीट कसा पार पाडावा

तालुक्याच्या गावात माझं औषधांचं दुकान आहे. दिवसभरात सगळ्यात जास्त खपते ती पित्ताची गोळी. "ताई, नेहमीची स्ट्रिप द्या," एवढंच बोलणं. वर्षानुवर्षं अशी जळजळ दाबत आलेल्या प्रत्येकाला मी विचारते, एच. पायलोरी तपासलंय का?

हा जंतू जठरात राहतो, आणि बहुधा लहानपणीच घरातल्या घरात लागतो. जठरातल्या आम्लात कुठलाच जंतू टिकत नाही असं डॉक्टरही मानत होते. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थला बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी तो प्रयोगशाळेत वाढवून दाखवला. तो युरियापासून अमोनिया तयार करतो आणि स्वतःभोवतीचं आम्ल मारतो. तो असेपर्यंत जठराची सूज हटत नाही. अस्तर झिजतं, काही जणांत तिथे आतड्यासारख्या पेशी येतात आणि त्यातल्या थोड्यांना पुढे कर्करोग होतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९४ मध्ये त्याला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं. घाबरून जाऊ नका. आपल्याकडे हा जंतू खूप जणांच्या पोटात असतो आणि बहुतेकांना कर्करोग होत नाही. पण अल्सर झालेला असेल, आईवडील किंवा भावंडांपैकी कुणाला जठराचा कर्करोग झाला असेल, तर तपासणी टाळू नका.

वजन घटतंय, गिळायला त्रास होतोय, उलटीत रक्त पडतंय, शौचाला डांबरासारखी काळी चिकट होतेय, रक्त कमी झालंय, यातलं काहीही असेल तर दुकानात येऊ नका. थेट डॉक्टरांकडे जाऊन दुर्बिणीची तपासणी करून घ्या.

बाकीच्यांसाठी श्वासाची किंवा शौचाची तपासणी पुरते. शौचाच्या तपासणीत 'अँटिजेन' (जंतूचाच अंश शोधणारी चाचणी) मागा. रक्तातल्या अँटिबॉडीवर विसंबू नका, जंतू गेल्यावरही ती बराच काळ पॉझिटिव्ह येत राहते. दुर्बीण घातलीच तर जठराचा बारीक तुकडा पिवळ्या जेलमध्ये टाकतात. जंतू असेल तर अमोनियामुळे जेल गुलाबी होतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल यांपैकी जी पित्ताची गोळी चालू असेल ती तपासणीआधी दोन आठवडे बंद हवी, अँटिबायोटिक आणि बिस्मथ (पोटाचं एक औषध) चार आठवडे. नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येतो आणि माणूस निर्धास्त होतो. या दोन आठवड्यांत जळजळ वाढते, तेव्हा पातळ अँटासिड चालेल का ते विचारून घ्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा पूर्वी अल्सरमधून रक्त गेलं असेल तर पित्ताची गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर कोर्स साधारण १४ दिवसांचा असतो: पित्ताची गोळी आणि दोन अँटिबायोटिक, बऱ्याचदा सोबत बिस्मथ. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी, गरोदरपण, चालू असलेल्या इतर गोळ्या, हे डॉक्टरांना आधीच सांगा. मी पाकिटावर सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र असे रकाने आखून देते आणि घेतलेल्या गोळीपुढे खूण करायला लावते. पित्ताची गोळी जेवणाआधी अर्धा तास. अँटिबायोटिकमध्ये टेट्रासायक्लिन असेल तर दूध, दही, लोहाची आणि कॅल्शियमची गोळी दोन तास लांब ठेवा. ती कॅप्सूल पेलाभर पाण्याबरोबर घ्या आणि लगेच आडवं होऊ नका, अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते. मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक चालू असताना दारू अजिबात नको. त्या गोळीने तोंडाला लोखंडासारखी चव येते, ती कोर्स संपला की जाते.

बिस्मथने जीभ आणि शौच काळी होते. एक काका याच भीतीने अर्ध्यावर गोळ्या सोडून आले होते. मी त्यांना बाजूला बसवून फरक सांगितला: नुसता काळा रंग औषधाचा. डांबरासारखी चिकट, घाण वासाची शौच आणि सोबत चक्कर असेल तर रक्तस्राव समजून लगेच दवाखाना गाठायचा. त्यांनी कोर्स पुरा केला. जुलाब, मळमळ झाली तरी गोळी बंद करण्याआधी डॉक्टरांना फोन करा. अर्धवट कोर्समध्ये उरलेला जंतू त्या औषधाला दाद देईनासा होतो. दही-ताकाने हा जंतू जात नाही.

कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी पुन्हा श्वासाची किंवा शौचाची तपासणी करा, पित्ताची गोळी तशीच दोन आठवडे आधी बंद ठेवून. बरं वाटतंय म्हणून ही फेरतपासणी लोक हमखास सोडतात, आणि मला सगळ्यात जास्त वाईट त्याचंच वाटतं.

जंतू तरीही सापडला तर जुनी चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जा, कारण दुसऱ्या वेळी बहुधा वेगळी अँटिबायोटिक लागतात. बायोप्सीच्या (जठराच्या तुकड्याच्या तपासणीच्या) रिपोर्टमध्ये 'इंटेस्टायनल मेटाप्लेझिया', म्हणजे जठरात आतड्यासारख्या पेशी, असं लिहिलं असेल, तर जंतू गेल्यावरही पुन्हा दुर्बीण लागेल का आणि कधी, हे विचारून फाइलवर लिहून घ्या.