कामाचे कपडे खर्चात कधी धरता येतात?
स्वतःचा व्यवसाय असला की कामासाठी घेतलेला प्रत्येक कपडा खर्चात टाकावासा वाटतो. पण बहुतेक करकायद्यांत कसोटी एकच: हा कपडा घालून एरवी चारचौघांत वावरता येईल का? येत असेल तर तो खासगी खर्च, मग तो तुम्ही फक्त कामावरच घालत असलात तरी. ब्रिटनमधल्या एका महिला बॅरिस्टरने खास कोर्टासाठी घेतलेल्या काळ्या कपड्यांची वजावट मागितली होती. १९८३ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, ती नाकारली, कारण अंग झाकणं ही माणसाची स्वतःची गरज असतेच. मला हा निकाल कठोर वाटतो, पण त्यावरून रेघ कुठे आहे ते नीट कळतं.

सेफ्टी शूज, हेल्मेट, वेल्डिंगचे हातमोजे, ठरावीक गणवेश, रंगमंचावरची वेशभूषा हे सहसा मान्य होतं. शर्टावर व्यवसायाचं नाव भरतकामाने कायमचं घालून घेतलं तर बऱ्याच ठिकाणी बाजू भक्कम होते. अशा कपड्यांची धुलाई आणि दुरुस्तीही धरता येते. ही रक्कम वर्षभरात बरीच साठते आणि हमखास राहून जाते, म्हणून तिची वेगळी नोंद ठेवा.

बिलावर नुसतं ‘कपडे’ लिहू देऊ नका. वस्तूचं नेमकं नाव घालून घ्या.