जुन्या वळणाचा हार्ड रॉक, लातूरच्या खोलीत

आजचा रेकॉर्डिंगचा कल आवाजातला चढउतार दाबून सपाट करण्याचा. १९७०च्या दशकाच्या वळणाचा अल्बम हवा असेल तर गिटारच्या अॅम्पचा गेन (आवाज फाटवणारी खुंटी) निम्म्यावर आणा, आवाज वाढवा. शूर एसएम५७ माइक अॅम्पच्या जाळीपासून ३ सेंमीवर, स्पीकरच्या मधल्या टोपीच्या कडेवर रोखा. ऐन मध्यावर धरला की आवाज कानाला टोचतो. भिंतींवर वाकळी टांगा, पण चार बोटं अंतर सोडून. घरघर नको म्हणून कूलर बंदच, त्यामुळे मे महिन्यात पहाटेच बसा. दुपारी पत्रे तापले की तारांचा सूर उतरतो. प्रत्येक टेकआधी (एका सलग रेकॉर्डिंगआधी) सूर लावा. रिफ (गाण्यात परत परत येणारी गिटारची सुरावट) दोनदा वाजवून एक डावीकडे, एक उजवीकडे ठेवा. एकच टेक कॉपी केली तर रुंदी येत नाही, हा आळस हमखास ऐकू येतो. मास्टर, म्हणजे शेवटची तयार प्रत, −१४ एलयूएफएसच्या (आवाज किती मोठा ऐकू येतो त्याचं माप) आसपास पुरे.