फ्लॅट निटिंग मशीनवर रंग कसा बदलावा: फीडर, पिन आणि स्टॉपरचं गणित

गडद निळा किंवा मरून स्वेटर आणि काठाजवळ दोन पांढऱ्या पट्ट्या. पुण्यातल्या कितीतरी शाळांचे हिवाळी गणवेश एकमेकांपासून वेगळे दिसतात ते एवढ्याशा फरकाने. घरी हातमशीन टाकून अशा ऑर्डरी घ्यायला लागलेल्यांना पहिला घाम फुटतो तो याच पट्ट्यांपाशी. एकरंगी पाठ विणायला हात लवकर बसतो. रंग बदलायची वेळ आली की मात्र कडेला झोळ पडतो, टाके सुटतात, नाहीतर हवा असलेला रंग नेमका पलीकडच्या टोकाला जाऊन बसलेला असतो.

इथे जे सांगतोय ते हाताने ओढायच्या व्ही-बेड मशीनबद्दल. समोरासमोर उतरते दोन बेड, त्यांत लॅचच्या (आकडी उघडणाऱ्या-मिटवणाऱ्या छोट्या जिभेच्या) सुया, आणि वरून इकडून तिकडे फिरणारी कॅरेज. अमेरिकेतल्या आयझॅक लॅम्ब यांनी १८६०च्या दशकात अशा मशीनचं पेटंट घेतलं. सुयांची मूळ हालचाल आजही तीच आहे. कॅरेजच्या पोटातले कॅम सुई वर उचलतात, सुई उघड्या आकडीत नवा धागा पकडते, खाली येताना जुना टाका लॅच मिटवतो आणि नव्या धाग्यावरून घसरून जातो. म्हणजे सुई वर असते त्या क्षणी तिच्यासमोर धागा हजर हवा. तो नसेल तर जुना टाका तसाच घसरतो आणि सुई रिकामी राहते. रंगबदलातल्या बहुतेक भानगडी या एका वाक्यात येतात.

धागा हजर ठेवण्याचं काम फीडरचं. बेडच्या वर आडवे रूळ असतात, त्यांवर फीडर सरकतात. प्रत्येक फीडरला खाली एक चोच असते, धागा तिच्यातून सुयांपाशी उतरतो. फीडरला स्वतःची चाल नसते. कॅरेजवर कमान असते, कमानीत स्प्रिंगच्या पिना असतात, आणि पिन फीडरच्या खाचेत पडली की कॅरेज त्याला ओढत नेते. रुळाच्या दोन्ही टोकांना स्टॉपर कसलेले असतात. कॅरेज तिथे पोचली की स्टॉपरचा उतार पिनेला खाचेतून वर उचलतो, फीडर जागेवर थांबतो, कॅरेज पुढे निघून जाते. परत येताना पिन फीडरच्या पाठीवर चढते आणि टक् आवाज करून खाचेत पडते. हा आवाज ऐकायची सवय लावून घ्या. तो नाही आला तर हात तिथेच थांबवायचा.

आता प्रत्यक्ष कामाला लागू.

आधी रूळ पुसा. पुण्याच्या पावसाळ्यात बंद पडून राहिलेल्या मशीनच्या रुळांवर गंजाची बारीक पूड धरते. फीडर अडखळत चालला की पिन खाचेतून उडते आणि ऐन मधल्या सुयांवर धागा गायब होतो. कोरड्या फडक्याने गंज काढा, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब बोटावर घेऊन रूळभर फिरवा आणि पुन्हा पुसून घ्या. तेल दिसेल इतकं राहिलं तर पांढऱ्या पट्टीवर राखाडी डाग पडलाच म्हणून समजा. फीडर बोटाने ढकलल्यावर सहज सरकला पाहिजे, पण मशीन हलल्यावर आपोआप घरंगळता कामा नये.

मग चोचीची उंची. कॅरेज अगदी हळू सरकवत वर आलेल्या सुयांकडे बघा. चोच जितकी खाली तितकं चांगलं, फक्त सुईच्या आकडीला किंवा उघड्या लॅचला ती घासता कामा नये. उंच राहिली की धागा आकडीच्या वरून निसटतो. सर्व फीडरच्या चोची एकाच उंचीला नसतील तर गंमत अशी होते की निळा रंग बिनतक्रार विणला जातो आणि पांढरा आला की टाके सुटतात. अशा वेळी दोष लोकरीला दिला जातो, बिचारी लोकर निर्दोष असते.

एका मार्गावर एकच फीडर ठेवा. मागचा पुढच्याला ओलांडून जाऊ शकत नाही, त्यामुळे प्रत्येक रंगाला रुळाची वेगळी बाजू आणि कमानीतली वेगळी पिन हवी. कुठली पिन कुठल्या रंगाची हे कमानीवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवायला लाज वाटून घेऊ नका. दुपारच्या चहानंतर स्मरणशक्तीवर कुणी विसंबू नये.

स्टॉपर कुठे कसायचा, यात खरी हातोटी आहे. फीडर विणीच्या शेवटच्या सुईपलीकडे थांबला पाहिजे, कारण परतीच्या फेरीत धागा बाहेरून तिरका येऊन पहिल्या सुईच्या आकडीत पडायला हवा. फीडर आत थांबला तर कडेच्या सुयांना धागा मिळत नाही. फार दूर थांबला तर प्रत्येक वळणावर जादा धागा सुटतो आणि कडेला सैल फासे लोंबतात. शेवटच्या सुईपासून दोन-तीन सेंटिमीटरवर सुरुवात करा आणि कड बघून पुढे-मागे करा. एकाच टोकाला दोन फीडर उभे राहणार असतील तर दुसऱ्याचा स्टॉपर पहिल्यापेक्षा बोटभर बाहेर ठेवा, म्हणजे चोची एकमेकींवर आपटणार नाहीत आणि धागे गुंतणार नाहीत.

धाग्याचा कोन, म्हणजे शंकूच्या आकाराची गुंडाळी, मशीनच्या मागे सरळ उभा, त्याच्यावरून धागा ताणाच्या चकत्यांमधून, तिथून स्प्रिंगच्या तारेतून आणि मग फीडरमध्ये. वळणावर सुटलेला धागा ही तारच ओढून घेते. तुळशीबागेच्या आसपास लोकर लडीत घेतली असेल तर ती कोनावर गुंडाळल्याशिवाय मशीनला लावू नका. आणि डिसेंबर-जानेवारीतल्या इथल्या कोरड्या हवेत अ‍ॅक्रिलिक धाग्यात स्थिर वीज भरते, शेजारचे दोन रंग एकमेकांना चिकटतात. खोलीत ओला टॉवेल वाळत घातला तरी फरक पडतो.

नवा रंग पहिल्यांदा आणताना त्याचं टोक वीतभर मोकळं सोडून टेबलाच्या बाजूला चिमट्यात पकडा किंवा विणीखालच्या वजनाच्या कंगव्याला बांधा. मोकळं टोक पहिल्या फेरीत आत ओढलं जातं आणि सुरुवातीचे टाके उसवतात.

प्रत्यक्ष बदल असा करायचा. कॅरेज स्टॉपर आणि शेवटची सुई पूर्ण ओलांडून टोकाला आणा. अर्ध्यावरून मागे फिरवलीत तर सुया अडकतील. जुन्या रंगाची पिन वर ओढून फिरवून ठेवा. नव्या रंगाची पिन खाली सोडा. कॅरेज सावकाश परत आणा, टक् ऐका, पहिल्या चार-पाच सुयांत नवा रंग पडलेला डोळ्यांनी बघा आणि मगच नेहमीच्या वेगाने ओढा. जुनी पिन उचलायची राहिली तर दोन्ही रंग एकत्र विणले जातील, ती ओळ उसवता येते. नवी पिन सोडायची राहिली तर सुया धाग्याविना वर-खाली होतात, सगळे टाके सुटतात आणि वजनासकट विणलेलं कापड पायावर येतं. म्हणून क्रम कायम तोच: आधी उचल, मग सोड, मग आवाज.

एवढं सगळं नीट बसवूनही पट्टी अडते ती टोकांच्या हिशोबात. फीडर म्हणजे स्टँडवरची रिक्षा: तुम्ही उभे आहात त्या टोकाला ती नसेल तर हाका मारून उपयोग नाही. एका फेरीत फीडर या टोकाचा त्या टोकाला जातो. सम ओळी विणल्या की तो निघाल्या जागी परत येतो, विषम विणल्या की पलीकडे राहतो. सगळे फीडर डावीकडे उभे करून सुरुवात केली आणि प्रत्येक पट्टी २, ४, ६ अशा ओळींची ठेवली तर कधीच अडत नाही. निळ्याच्या २० ओळी, पांढऱ्याच्या ४, निळ्याच्या ६, पांढऱ्याच्या ४: प्रत्येक बदल डाव्या टोकाला होतो, डोकं चालवावं लागत नाही. शाळेच्या नमुन्यात पट्टी ५ ओळींची दिसली तर ४ किंवा ६ करायची परवानगी मागून घ्या. बहुतेक वेळा ती मिळते, कारण स्वेटर हातात घेऊन ओळी मोजणारं कुणी नसतं.

पण एकेका ओळीची पट्टी हवी असेल तर? इथे रंगांच्या संख्येवर सगळं अवलंबून असतं. तीन रंग असतील तर काम फार सुंदर होतं. निळा डावीकडे, पांढरा उजवीकडे, लाल डावीकडे उभा करा आणि कॅरेज डावीकडे ठेवा. निळा उजवीकडे जाईल, तिथे पांढरा वाट बघतोय, तो डावीकडे येईल, तिथे लाल तयार आहे, तो उजवीकडे जाईल. आता निळा उजवीकडेच आहे. तो डावीकडे, मग पांढरा उजवीकडे, मग लाल डावीकडे. सहा ओळी झाल्या, तिन्ही फीडर आणि कॅरेज मूळ जागी. एकही धागा न तोडता हवं तेवढं विणा. ज्याला खात्री वाटत नसेल त्याने टेबलावर तीन बटणं सरकवून बघावीत.

दोन रंगांत एकेक ओळ मात्र अशी जमत नाही. निळा डावीकडून उजवीकडे गेला, पांढरा उजवीकडून डावीकडे आला, पुन्हा निळ्याची पाळी आणि निळा पलीकडे. जादा फीडर लावूनही सुटका नाही, कारण निळी ओळ दर वेळी डावीकडूनच निघते आणि निळे फीडर एकेक करून उजवीकडे साचत जातात. यावर उपाय म्हणजे रिकामी फेरी. दोन्ही रंग डावीकडे ठेवून निळा उजवीकडे न्या. सर्व पिना वर करा, दोन्ही बेडचे सुया उचलणारे कॅम बंद करा आणि कॅरेज रिकामी डावीकडे आणा. कॅम सुरू करून पांढरा उजवीकडे न्या. आता दोन्ही रंग उजवीकडे आहेत, तिथून हेच उलट्या दिशेने करा. दोन ओळींना तीन फेऱ्या पडतात, मजुरी ठरवताना हे धरा. रिकाम्या फेरीआधी कॅम बंद केले की नाही हे दोनदा बघा. ते चालू राहिले तर काय होतं ते वर सांगितलंच आहे.

थांबलेला रंग कडेने वर चढतो, तोही सांभाळावा लागतो. सात-आठ ओळींपर्यंत तो तसाच जाऊ द्या, शिवणीत लपतो. त्याहून लांब गेला तर एकतर कड आवळली जाते किंवा धोब्याकडे कशात तरी अडकून ओढली जाते. मधल्या निळ्या ओळी जास्त असतील तर पांढरा तोडून टाका आणि पुढे नव्याने जोडा. तोडायचा कंटाळा असेल तर दर दोन ओळींनी थांबलेला धागा बोटाने कडेच्या सुईवर घाला. कड जरा जाड होते, पण शाळेच्या स्वेटरला ते चालून जातं. मी स्वतः तोडणं पसंत करतो.

घरगुती जपानी मशीनवर, म्हणजे ब्रदर किंवा सिल्व्हर रीडवर, हेच काम रंगबदलाची पेटी करते. ती बेडच्या डाव्या टोकाला बसते, तिला चार बटणं असतात. कॅरेज आत आणायची, बटण दाबायचं, जुना धागा सुटतो आणि नवा अडकतो. पेटी एकाच बाजूला असल्याने बदल फक्त डावीकडे होतो आणि पट्ट्या सम ओळींच्याच निघतात. स्टॉल किंवा शिमा सेकीच्या कॉम्प्युटर मशीनवर पिना विजेच्या चुंबकाने खाली पडतात आणि कुठल्या ओळीला कुठला फीडर हे प्रोग्राम सांगतो. तिथेही फीडर कुठल्या टोकाला उभा आहे याचा हिशोब कुणाला तरी करावाच लागतो. आपल्या ऐवजी सॉफ्टवेअर करतं इतकंच. गुरुवारी वीज गेली की हातमशीनवाल्याला फरक पडत नाही, हा आपला फायदा.

शेवटची गोष्ट बगलेची. मुंढ्याला टाके कमी करायला लागलात की कड आत सरकते आणि स्टॉपर जुन्याच जागी राहतो. पहिल्या चार-सहा टाक्यांपर्यंत स्प्रिंगची तार जादा धागा ओढून घेते, पुढे कडेला फासे लोंबू लागतात. म्हणून दर तीन-चार टाके कमी झाले की दोन्हीकडचे स्टॉपर तेवढेच आत घ्या, आणि तेही वापरात असलेल्या प्रत्येक रंगाचे. थांबलेल्या रंगाचा स्टॉपर सरकवताना त्याचा फीडरही हाताने सोबत आत आणा, नाहीतर तो नव्या स्टॉपरच्या बाहेर अडकून पडेल आणि पुढच्या बदलाला पिन त्याच्यापर्यंत पोचणारच नाही. दोन बाजू, दोन रंग, म्हणजे चार स्क्रू. पट्ट्या मुंढ्याच्या खालीच संपतील असा नमुना ठरवला तर दोनच उरतात.