टोळी निघण्याआधी

बीडच्या ऊसतोड तालुक्यांत घरोघरी बीपी-शुगर तपासणारी संस्था काढताय? कलम 8 ची (ना-नफा कंपनीची) नोंदणी, 80 जी (देणगीदाराची करसवलत), सीएसआर (कंपन्यांचा सामाजिक निधी) यावर इथे वेळ घालवत नाही. ती कागदं सीए करून देतो. गावाचं वर्ष कसं फिरतं, हे मात्र कोणी सांगत नाही.

आराखड्यात सगळे बारा महिने सारखे धरलेले असतात. समजा 200 कुटुंबं, महिना 50 रुपये वर्गणी, म्हणजे 10,000 जमा. जून ते सप्टेंबर हिशेब झकास. मग दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि 120 घरांना कुलूप. जमा 4,000 वर, घरोघर तपासणाऱ्या सेविकेचं मानधन तेवढंच. मागे राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. त्यांच्या हातात रोकड कुठली? पट्टा पडेपर्यंत (कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत), म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत असंच. अहवालात याला 'प्रतिसाद घटला' असं लिहितात. अहो, प्रतिसाद देणारा कोल्हापूर-सांगलीकडे नाहीतर बेळगावकडे फडात (उसाच्या शेतात) कोयता चालवतोय!

पैशाचा खड्डा भरता येतो. गोळी तुटली तर अवघड. ऑगस्टच्या शिबिरात बीपी सापडतं, डॉक्टर ॲम्लोडिपिन 5 ही बीपीची गोळी सुरू करतात, ऑक्टोबरात 130/80 येतं आणि 'आता नॉर्मल आहे की' म्हणत माणूस गोळ्या घरी ठेवून ट्रॅक्टरवर चढतो. नॉर्मल आलं ते गोळीमुळे, हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. टोळीबरोबर गोळी पाठवायची सोय नसेल तर शिबिरच घेऊ नका.

सोय म्हणजे काय? रोज एक गोळी, 180 दिवस: दहाची 18 पाकिटं. असे 150 रुग्ण असले तर 2,700 पाकिटं. चिठ्ठी डॉक्टरांची, औषध जनऔषधी केंद्रातून किंवा सरकारी दवाखान्यातून. सेविकेच्या पिशवीतून विक्री नको. ही सगळी जमवाजमव सप्टेंबरात, म्हणजे वर्गणी आटायच्या ऐन तोंडावर येते. म्हणून पहिली सेविका नेमण्याआधी सहा महिन्यांचा खर्च बाजूला काढा. मुकादमाची (टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराची) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते तेव्हाच वर्षाची वर्गणी घ्या, असा शहाणपणा काही सल्लागार शिकवतात. उचल हे कर्ज आहे, त्यात हात घालू नका.

घाबरू नका, गोळ्यांच्या पिशवीचं काम दोन आठवड्यांत उरकतं. गोळ्या पाकिटातच राहू द्या. कागदाच्या पुडीत कोपीतल्या (फडावरच्या झोपडीतल्या) दमटपणाने खराब होतात. सोबत मराठीत एक कार्ड: औषधाचं मूळ नाव, मात्रा, शेवटची दोन बीपी, सेविकेचा फोन. ॲप नको. फडात फोन चार्ज असेलच असं नाही, कार्ड मात्र कारखान्याजवळच्या दवाखान्यात कोणीही वाचतो.

शुगरवाल्यांना जास्त वेळ द्या. ग्लिमेपिराइड (शुगरची गोळी) घेऊन पहाटे उपाशीपोटी तोडीला गेलं तर शुगर फार उतरून घाम, थरथर, चक्कर. जेवल्याशिवाय ती गोळी नाही, हे जोडीदारालाही सांगा. खिशात साखर हवी (ऊस हाताशी असतो, पण ग्लानीत चावून खाण्याइतका दम राहत नाही). इन्सुलिनची उघडलेली बाटली साधारण चार आठवडे चालते, सहा महिन्यांचा साठा कोपीत टिकणार नाही. असा रुग्ण निघण्याआधीच तोडीच्या ठिकाणच्या सरकारी दवाखान्याशी फोनवर जोडून द्या. लघवी वाढवणारी बीपीची गोळी चालू असेल तर उन्हातल्या कामाचं डॉक्टरांना आधी सांगा.

मोजमापातल्या चुका थोडक्यात: बीपी मशीनचा बारीक पट्टा जाड दंडावर बीपी जास्त दाखवतो, पाच मिनिटं बसवा, बोलू देऊ नका, दोनदा मोजा. गूळ लागलेल्या बोटाने शुगर खोटी वाढते, हात धुवून पुसा.

कोण कधी निघणार, हे पुण्याच्या तज्ज्ञापेक्षा आशाताईला आणि किराणा दुकानदाराला जास्त ठाऊक असतं. आशाताईंना स्पर्धक समजणारी संस्था गावात टिकत नाही.

लोक परतले की पहिल्याच आठवड्यात घरी जा. 'गोळ्या घेतल्या का?' असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. पिशवी मागा आणि उरलेली पाकिटं मोजा.