ट्रेकची पँट: पाऊस, कुसळं आणि घसारा

सह्याद्रीत ट्रेकची पँट जाते ती बहुतेक दोनच जागी, बुडावर आणि जांघेत. बुडावर जाते उतरताना. घसाऱ्यावर पाय सटकायला लागले की माणूस आपसूक खाली बसतो आणि सरकत उतरतो. मग मुरूम आणि बारीक खडी कापडाला पॉलिश पेपरसारखी घासत राहतात. जांघेत जाते चढताना. कातळातल्या गुडघाभर उंच पायरीवर पाय टाकला की सगळा ताण चार शिवणी एकत्र येतात त्या बिंदूवर येतो आणि टरकन आवाज येतो. रंग, खिसे, कंपनी हे सगळं नंतर बघा. आधी या दोन जागा.

दुकानात

पँट हातात घेतली की उलटी करा. जांघेत चार शिवणी एकाच बिंदूवर भेटत असतील तर ती पँट ऑफिसला ठीक आहे. ट्रेकच्या पँटीत तिथे शंकरपाळ्याच्या आकाराचा वेगळा तुकडा जोडलेला असतो. जुन्या लेंग्यांना असायचा तसाच. त्यामुळे ताण एका बिंदूवर न येता चारही बाजूंना वाटला जातो आणि पाय वर उचलताना पँट कंबरेतून खाली ओढली जात नाही.

मग बुडाची मधली शिवण. तिच्यावर दोन टिपा हव्यात. शिवणीच्या दोन्ही बाजूंचं कापड धरून आडवं ओढा. टाक्यांमध्ये फट पडून दोऱ्याच्या शिड्या दिसल्या, तर पहिल्याच घसाऱ्यावर ती उसवणार. फॅशन स्ट्रीटवर किंवा एक्स्पोर्ट सरप्लसच्या ढिगात चांगला माल नक्की मिळतो, पण तिथे ही ओढाताण केल्याशिवाय पैसे काढू नका. चेन दोन-चार वेळा वरखाली करून पाहा. खिशाच्या चेनचे दात बारीक असतील तर चिखलाने ती पहिल्या पावसाळ्यातच अडकते.

घालून पाहताना आरशासमोर उभं राहणं बिनकामाचं. तीन गोष्टी करा. बाकावर किंवा खुर्चीवर एक पाय ठेवून त्यावर पूर्ण वजन घ्या. मग उकिडवे बसा. मग मांडी घाला. उकिडवं बसताना मागून पँट दोन बोटांपेक्षा जास्त खाली सरकली, तर आसन, म्हणजे कंबरेपासून जांघेपर्यंतची उंची, कमी आहे. एक नंबर मोठी घेऊन हे सुटत नाही, उलट कंबर ढिली पडते. गुडघ्यावर कापड ताणून चकाकायला लागलं तर मांडीला कट अरुंद आहे. चाचणी करताना खिशात मोबाईल ठेवा. मांडीवरच्या मोठ्या खिशात फोन असला की चढावर तो प्रत्येक पावलाला आपटतो, आणि हे दुकानातच कळलेलं बरं.

लांबी बुटांसकट बघायची. मागची कड टाचेच्या वरच्या काठापर्यंत आली की पुरे. जमिनीला टेकणारी कड उतरताना दुसऱ्या पायाखाली येते, आणि तेवढ्यावर माणूस पडतो.

आता लेबल. ‘पॉलिअमाइड’ लिहिलं असेल तर ते नायलॉनच. साधारण हवेत सुती धागा आपल्या वजनाच्या आठेक टक्के ओलावा धरून असतो, नायलॉन चारेक टक्के आणि पॉलिस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. म्हणजे वाळण्यात पॉलिस्टर पुढे, पण घासण्याला नायलॉन जास्त टिकतं. सह्याद्रीसाठी आमचं मत नायलॉनच्या बाजूने, त्यात चार ते आठ टक्के इलास्टेन, म्हणजे रबरासारखा ताणणारा धागा. इलास्टेन याहून जास्त झालं की कापड अंगाला चिकटतं आणि काट्यात लवकर ओढलं जातं. बारीक चौकड्यांची विण दिसते ते रिपस्टॉप. त्याने कापड फाटत नाही असं नाही, पण पडलेलं भोक पुढच्या जाड धाग्यापाशी थांबतं.

कापडाचं वजन जीएसएममध्ये, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये. ऑनलाइन घेताना हा आकडा शोधा. पावसाळ्यासाठी आणि उन्हाळ्यासाठी 110 ते 140, ऑक्टोबरपासून थंडी संपेपर्यंत 160 ते 190. साधी जीन्स 350 ते 450 च्या घरात असते, ती सुकलेली असताना.

लेबल पाहूनही एक फसगत होते. बाहेरचं कापड नायलॉनचं आणि कंबरपट्ट्याच्या आतली पट्टी व खिशांचं कापड मात्र सुती. घरी आणल्यावर पँट भिजवून, पिळून रात्री पंख्याखाली टांगा. सकाळी पाय कोरडे आणि कंबर दमट लागली, तर बदलून आणा. पाठीवर सॅक आणि कंबरेला ओला सुती पट्टा अशा अवस्थेत सहा तास चाललं की कंबरेची कातडी सोलवटते.

जून ते सप्टेंबर

पावसात पँट कोरडी राहील ही आशा सोडून द्या. ती भिजणारच. प्रश्न एवढाच की भिजल्यावर ती किती पाणी धरते आणि मांडीला किती चिकटते. जीन्स ओली झाली की गुडघा वर येऊ देत नाही. होजिअरीची ट्रॅकपँट पाण्याच्या वजनाने कंबरेवरून घसरत राहते आणि एक हात कायम ती वर ओढण्यात जातो. स्कूटरवर घालायची प्लास्टिकची रेनपँट चढावर आतून घामाने भरते, म्हणजे बाहेरून नाही तर आतून भिजणं. शिवाय पहिल्या मोठ्या पायरीला ती जांघेत उकलते. ती सॅकमध्ये ठेवा, माथ्यावर वाऱ्यात थांबायचं असेल तेव्हा कामाला येईल.

पातळ, गडद, सैलसर नायलॉन हे पावसाचं उत्तर. गडद अशासाठी की फिकट पातळ कापड भिजल्यावर पारदर्शक होतं, आणि माथेरानच्या लाल मातीचे डाग त्यावरून जात नाहीत.

इथे चूक होते ती पँटीत नाही, पँटीच्या आत. वर भारी नायलॉन आणि आत सुती अंतर्वस्त्र, म्हणजे सगळं पाणी मांड्यांच्या मधोमध साठवून ठेवायचं. त्यातून मांड्या घासून सोलतात आणि उतरताना माणूस फेंगडा चालायला लागतो. आत सिंथेटिक, मांडीच्या अर्ध्यापर्यंत येणारी, पॅड नसलेली सायकलिंग शॉर्ट घाला. निघण्यापूर्वी जांघेत व्हॅसलीन लावा. कातडी लाल झाल्यावर लावून फार उपयोग नाही.

गुडघ्यापासून चेनने सुटणारी पँट पावसाळ्यात घेऊ नये. चेन बरोबर गुडघ्याच्या वर घासते, चिखल दातांत जातो आणि एक पाय निघतो, दुसरा निघत नाही. नुसती शॉर्ट धबधब्याच्या मळलेल्या वाटेला चालेल, करवंदीच्या जाळ्यांतून आणि कारवीच्या रानातून नाही. कोयनेकडच्या जंगलात जळवा असतात. तिथे पँटीचं टोक मोज्यात खोचायचं, कारण जळू मोजा आणि पँट यांच्यामधली फट शोधतच वर येते. म्हणून बॉटम अरुंद किंवा नाडीने आवळता येणारा हवा.

कोरडी पँट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून न्या आणि पायथ्याच्या गावातच बदला. कर्जतहून दादरपर्यंत ओल्या पँटीत बसलात तर स्वतःला त्रास, आणि शेजारच्याचे शब्द वेगळे.

कुसळांचे दिवस

ऑक्टोबर उजाडला की हवा छान होते, गर्दी कमी होते आणि गवत पिकतं. पठारावर, माचीवर कमरेएवढं कुसळी गवत उभं असतं. या दिवसांत पँट चुकली तर पुढचा आठवडा मोज्यांतून आणि शिवणींतून कुसळं वेचण्यात जातो.

कुसळ एकदा नीट पाहा. टोकाला सुईसारखं टणक बी, त्यावर मागे वळलेले बारीक केस आणि मागे लांब पिळदार शेपटी. केसांमुळे ते पुढे जातं, मागे येत नाही. शेपटी ओलावा मिळाला की पीळ सोडते आणि सुकली की पुन्हा पीळ घेते. म्हणजे घामाने ओलं-सुकं होताना ते स्वतःच कापडात गिरमिटासारखं शिरत जातं. जमिनीत बी पेरण्यासाठीची ही सोय तुमच्या पोटरीवरही तितकीच चालते.

म्हणून या दिवसांत विणीला महत्त्व. लेगिंग, ट्रॅकपँट, फ्लीस हे सगळं सुईवर विणलेल्या स्वेटरसारखं, सुटं असतं. कुसळाला त्यात आयती भोकं मिळतात. घट्ट, गुळगुळीत, मागावर विणलेलं 160 ते 190 जीएसएमचं नायलॉन घेतलं तर बरीचशी कुसळं घसरून पडतात. बॉटम मोज्यात खोचू नका, मोज्यावरून बाहेर सोडा. मोजा उघडा राहिला की सगळी तिथे जमतात. गेटर, म्हणजे बुटापासून पोटरीपर्यंत चढवायचं आवरण, असतील तर उत्तमच.

अडकलेली काढताना शेपटीला धरून मागे ओढू नका. शेपटी तुटते आणि बी आत राहतं. पँट उलटी करा, आतून टोचणारं टोक चिमट्यात धरा आणि ते ज्या दिशेने शिरलंय त्याच दिशेने पुढे ओढून काढा. हे सगळं धुण्याआधी. आधी पाण्यात टाकली तर शेपट्या फिरतात आणि कुसळं आणखी खोल बसतात.

पुढे हिवाळ्यात खाजकुइलीच्या शेंगा सुकतात. तिची लव पँटीला लागली असेल तर झटकू नका, चोळू नका. चिकटपट्टी दाबून उचला आणि पँट बाकी कपड्यांपासून वेगळी धुवा, नाहीतर घरभर खाज वाटली जाईल.

थंडी

डिसेंबर-जानेवारीत हरिश्चंद्रगडावर किंवा 1646 मीटरच्या कळसूबाईवर पहाटे चांगलंच गारठतं, पण नऊ-साडेनऊला ऊन चढलं की जाड पँटीचा घाम फुटतो. फ्लीसचं अस्तर लावलेली पँट आपल्याकडे चालण्यासाठी नकोच. तीच ऑक्टोबरची पँट आणि रात्री आत पातळ थर्मल, एवढ्यावर भागतं. त्यासाठी पँट घेतानाच मांडीत थर्मल मावेल इतकी जागा ठेवा. सांधण दरीत थंडीतही पाण्यातून जावं लागतं, तिथे पुन्हा पावसाळी पँटच बरी.

शेकोटीपाशी नायलॉन घालून बसू नका. एक ठिणगी उडाली की कापड जळत नाही, वितळतं, आणि भोकाची कड कातडीला चिकटते. वर जुनी सुती पँट किंवा चादर घ्या.

हिमालयातल्या बर्फाच्या ट्रेकसाठी मात्र हे सगळं अपुरं. तिथे वारा अडवणारी, आतून मऊ सॉफ्टशेल पँट लागते आणि वर पाणी अडवणारा थर. वर्षातून एकदाच जाणार असाल तर भाड्याने घ्या.

उन्हाळा

फिकट रंग, सैल कट, पूर्ण लांबी. कातळावरून परतणारं ऊन खालून लागतं, त्यामुळे शॉर्ट घातली की पोटऱ्या भाजतात. पावसाळी पँट गडद असल्यामुळे इथे चालत नाही, पण वजन तेच ठेवा.

सॅक, हार्नेस आणि मापं

अलंग-मदन-कुलंगसारख्या ठिकाणी हार्नेस, म्हणजे दोराला अडकवायचा कंबरेचा आणि मांड्यांचा पट्टा, घालायचा असेल तर मागचे आणि मांडीवरचे खिसे बंद झाले असं समजा. जाड बक्कलचा पट्टा सॅकच्या कंबरपट्ट्याखाली हाडाला रुततो. त्यापेक्षा कंबरेला अर्धं इलॅस्टिक आणि आतून चपटी नाडी असलेली पँट सोयीची.

स्त्रियांनी पुरुषांच्या लहान मापाच्या पँटीवर भागवू नये. नितंबाला बसली की कंबरेत मागे फट पडते आणि वाकताना ती उघडी राहते. मागे इलॅस्टिक आणि उंच कंबर बघा. खिशात हात घालूनही बघा, बऱ्याच पँटींना खिशाची नुसती शिवण असते, खिसा नसतो.

धुणं आणि दुरुस्ती

चिखल ओला असताना चोळला की आत बसतो. सुकू द्या, झटका, मग पँट उलटी करून गार पाण्यात धुवा. फॅब्रिक कंडिशनर नको, त्याने पाणी ओघळून जाण्यासाठीचा लेप निकामी होतो आणि कापड पाणी पिऊ लागतं. ब्लीचने इलास्टेन मरतं. ओली पँट सॅकमध्ये रात्रभर राहिली तर बुरशीचा वास धरतो, म्हणून घरी पोचल्या पोचल्या काढा, मग चहा घ्या.

दर चार-पाच ट्रेकनंतर बुडाचं कापड उजेडासमोर धरा. आजूबाजूपेक्षा तिथे उजेड जास्त आला, धागे वेगळे दिसू लागले, की टेलरकडे न्यायची वेळ झाली. भोक पडायची वाट बघू नका, कारण मग कडेला शिलाई धरायला कापड उरत नाही. त्याला आतून पॅच लावायला सांगा, तसंच वजनाचं नायलॉन, दोन्ही बुडांवर सलग एकच तुकडा, कोपरे गोल आणि कडेला दोन टिपा. दोरा पॉलिस्टरचा, सुती दोरा घामाने कुजतो. जुनी फाटकी ट्रेकची पँट फेकू नका, पॅचचं कापड तिच्या पोटरीतून निघतं.