उभ्या गाडीत इंजिन थरथरत असेल तर
घोडबंदर रस्त्यावरच्या कोंडीत किंवा तीन हात नाक्याच्या सिग्नलवर उभ्या असलेल्या जुन्या पेट्रोल गाडीचे इंजिन थरथरू लागले, की बाजारातली इंधन-क्लीनरची महागडी बाटली टाकीत ओतण्याचा मोह होतो. त्याआधी आरपीएमचा, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला किती फेरे होतात ते दाखवणारा, काटा पाहावा. काटा स्थिर असून केवळ स्टिअरिंग व सीट थरथरत असतील, तर बहुधा इंजिन माउंटिंगचे, म्हणजे इंजिन ज्यावर टेकवलेले असते ते, रबर बसलेले असते. काटा सतत खाली-वर होत असेल, तर थ्रॉटल बॉडीत (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागात) साचलेली काजळी किंवा तडकलेला व्हॅक्यूम पाइप यांचा संशय घ्यावा. पाइप तडकला असल्यास बारीक फुसफुस ऐकू येते. ठरावीक अंतराने झटका बसत असेल, तर स्पार्क प्लग काढून पाहावेत. टोक फिकट तपकिरी असणे चांगले, कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोलचे प्रमाण जास्त, आणि ओले तेलकट टोक म्हणजे ऑइल सिलिंडरमध्ये शिरत आहे, ज्यावर कोणतीही बाटली उपाय नाही. पावसाळ्यातच त्रास होत असेल, तर प्लगच्या वायरी व इग्निशन कॉइल आधी तपासावी.

इंजेक्टरवर (पेट्रोल फवारणाऱ्या भागावर) साचलेल्या थरासाठी मात्र पॉलिइथरअमाइन हे थर काढणारे रसायन असलेला क्लीनर उपयोगी पडतो. तो पेट्रोल भरण्याच्या आधी, सांगितलेल्या प्रमाणातच टाकावा. वर्षानुवर्षे ऑइल वेळेवर न बदललेल्या इंजिनात फ्लश (आतला गाळ सोडवण्यासाठी ऑइलमध्ये टाकायचे द्रव) वापरणे मला धोक्याचे वाटते, कारण सुटलेला गाळ ऑइलच्या जाळीत अडकून इंजिनाला वंगण मिळेनासे होऊ शकते. त्यापेक्षा पुढची दोन ऑइल-बदली फिल्टरसह लवकर करावीत.