वळीव पडला की वर्गाच्या खिडक्या बघून घ्या

वळीव पडायला लागला की छत्र्या, रेनकोट, वह्यांची कव्हरं यांची धांदल सुरू होते. वर्गातल्या हवेची तयारीही याच दिवसांत उरकायला हवी. कोल्हापुरात जूनमध्ये शाळा भरते आणि एकदा झड लागली की खिडक्या बंद होतात. मग पन्नास पोरं एकमेकांनी सोडलेला श्वास घेत बसतात. फ्लू, कोविड, क्षय, गोवर हे सगळे हवेतून पसरतात. गोवराचा रोगी खोलीतून निघून गेल्यावरही त्याचे विषाणू दोन तासांपर्यंत हवेत टिकतात. इथं नुसते हात धुऊन भागत नाही.

म्हणून पहिलं काम म्हणजे पावसातही उघडी राहील अशी खिडकी. प्रत्येक खिडकी स्वतः उघडून बघा. गेल्या मे महिन्यात मी बघितलं तेव्हा माझ्या वर्गातल्या चारपैकी दोन ऑइलपेंटच्या थरांनी चिकटून बसल्या होत्या, तिसरीची कडी तारेनं करकचून बांधलेली होती. सुतारानं रंधा मारला, बिजागऱ्यांना तेल सोडलं, अर्ध्या दिवसात काम झालं. ज्या बाजूनं पाऊस मारतो तिकडं पत्र्याचा छज्जा पुढं काढून घ्या. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हा खर्च आधी मांडा, रंगरंगोटी नंतर. जुन्या कौलारू इमारतींना वर झरोके असतात. ते पुठ्ठे ठोकून बुजवलेले असले तर मोकळे करा, कारण तापलेली हवा वरूनच निघते. डासांच्या जाळीवरची धूळ ब्रशनं झाडा.

छताचा पंखा हवा बदलत नाही, आहे तीच घुसळतो. हवा खरोखर हलते का हे बघायला पंखे बंद करून खिडकीपाशी उदबत्ती धरा. धूर एका बाजूनं आत वळला आणि समोरच्या खिडकीतून किंवा दारातून बाहेर गेला तर ठीक. तिथंच घोटाळत राहिला तर एक्झॉस्ट फॅन बसवा, समोरची खिडकी मात्र उघडी हवी. फॅन घेताना हिशोब करा: २० बाय २५ फुटांची, १० फूट उंच खोली म्हणजे ५,००० घनफूट, म्हणजेच सुमारे १४० घनमीटर. तासाला निदान पाच वेळा हवा बदलायची तर ताशी सुमारे ७०० घनमीटर हवा ओढणारा फॅन लागतो. तो आकडा खोक्यावर छापलेला असतो.

जमलं तर शाळेत मिळून एक कार्बन डायऑक्साइड मीटर घ्या. श्वासातून सोडलेला हा वायू वर्गात किती साठलाय, ते त्यावर कळतं. बाहेरच्या हवेत तो साधारण ४२० पीपीएम (दहा लाख भागांत ४२० भाग) असतो. वर्गात ८०० च्या खाली राहिला तर हवा चांगली खेळतेय. तो फिरवून सगळे वर्ग मोजता येतात.

हिवाळ्यात गुऱ्हाळं पेटतात, पाचट जाळलं जातं. त्या धुरात खिडकी उघडायची पंचाईत होते. अशा दिवसांसाठी एखादा हेपा फिल्टरचा (हवेतले अगदी बारीक कण अडवणाऱ्या गाळणीचा) एअर प्युरिफायर हवा. ऐपत नसेल तर धूर ओसरताच खिडक्या उघडायच्या, एवढं तरी पाळा. फळा ओल्या फडक्यानं पुसा, झाडलोट पोरं गेल्यावर.

आणि शंभर टक्के हजेरीचं बक्षीस कृपा करून बंद करा. त्यापायी तापानं फणफणलेलं पोर शाळेत येऊन बसतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

खिडक्या उघडायचं काम वर्गातल्या दोन मुलांकडे नावानिशी सोपवा. पहिली झड लागेल त्या दिवशी मधल्या सुट्टीत उदबत्ती पुन्हा एकदा धरून बघा.